'सेल्युलोज' हा शब्द नक्की कुणाचा?

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य बरेच महिने असं होतं: 'फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये सेल्युलोज शोधून काढलं, त्याचं रेणुसूत्र ठरवलं आणि त्याला हे नाव दिलं.' खरं सांगायचं तर हे वाक्य माझं नव्हतं. ते कुणाचंच नाही. सेल्युलोजवरचे कुठलेही दहा आढावा-लेख उघडा, थोड्याफार फरकाने हेच वाक्य पहिल्या परिच्छेदात भेटेल. एकाने दुसऱ्याचं उचललं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि त्या रांगेत शेवटी मी.

प्रगती-सादरीकरणाच्या दिवशी समितीतल्या एका सरांनी पहिल्याच स्लाइडवर थांबवलं. "हे पान उघडून पाहिलंत का?" मी म्हटलं, "हो सर, संदर्भ दिलाय." ते म्हणाले, "संदर्भ दिलाय ते दिसतंय. पान पाहिलंत का?" मी पाहिलेलं नव्हतं. उसाच्या चिपाडातून सेल्युलोज वेगळं करणं हा माझा विषय, आणि ज्या पदार्थावर चार वर्षं घालवायची त्याच्या नावाबद्दलचं पहिलंच विधान मी ऐकीव माहितीवर लिहिलं होतं. तेव्हा राग आला होता. पुढे पान उघडलं, आणि मग राग कुणाचा यावा हेच कळेना.

ते उघडणं काही कठीण नाही, हे आधी सांगते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या साप्ताहिक बैठकांची इतिवृत्तं, म्हणजे 'कोंत रांद्यू', फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. खंड ७, पान १०५२ वर पायेन यांचं डिसेंबर १८३८ चं टिपण आहे. विषय आहे वनस्पतींच्या मूळ ऊतीची आणि 'काष्ठ' भागाची घडण. त्या टिपणात काम आहे, पण नाव नाही. नाव छापलेलं दिसतं ते खंड ८, पान ५१ वर, जानेवारी १८३९ मध्ये. आणि तो लेख पायेन यांचा नाही. पायेन यांच्या कामाची छाननी करायला अकादमीने जी समिती नेमली, तिचा तो अहवाल आहे. समितीत तिघे होते: वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रोन्यार, आणि रसायनशास्त्रज्ञ पलूझ व द्युमा.

काही आठवड्यांचाच तर फरक, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण त्या रूढ वाक्यात तीन दावे आहेत आणि तिन्हींचं वजन वेगवेगळं आहे, ते एकाच काट्यावर तोलता येत नाहीत.

पहिला दावा, शोध लावला. हा बऱ्यापैकी टिकतो. पायेन यांच्या आधी लाकडाचा काष्ठ भाग हा एकच पदार्थ समजला जाई. त्याचं पृथक्करण केलं की कार्बन निम्म्याच्या आसपास भरायचा. पायेन यांनी वेगवेगळ्या वनस्पतींच्या ऊती आम्लाने, अमोनियाने, मग पाणी, अल्कोहोल आणि ईथरने धुऊन काढल्या. शेवटी जो चिवट तंतुमय भाग उरला त्यात कार्बन सुमारे ४४ टक्के निघाला, जवळजवळ स्टार्चइतकाच. म्हणजे लाकूड हा एक पदार्थ नव्हे. स्टार्चसारख्या घडणीची एक चौकट, आणि तिच्यावर बसलेला, जास्त कार्बन असलेला दुसरा पदार्थ. त्या दुसऱ्याला ते 'पुटं चढवणारा' पदार्थ म्हणत. आज आपण त्याला लिग्निन म्हणतो. गंमत म्हणजे 'लिग्निन' हे नाव द कांदोल यांनी १८१३ मध्येच वापरलं होतं, लाकडाच्या लॅटिन 'लिग्नुम' या शब्दावरून. नाव आधी आलं आणि नेमका पदार्थ नंतर सापडला, असंही होतं तर.

दुसरा दावा, रेणुसूत्र ठरवलं. हा मला सगळ्यात जास्त खटकतो. कार्बन ६, हायड्रोजन १०, ऑक्सिजन ५ हे सूत्र आपण आज ज्या अणुभारांवर लिहितो, त्यांबद्दल १८३८ मध्ये एकमत नव्हतं. तो गोंधळ १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेनंतर हळूहळू निवळला. पायेन यांच्याकडे होते टक्के. टक्क्यांवरून आपलं सूत्र निघतं हे बरोबर (१६२ पैकी ७२ म्हणजे ४४.४, करून बघा), पण ते आपण काढतो. आढावा-लेखात ते पायेन यांच्या तोंडी घालणं म्हणजे आजोबांच्या जुन्या फोटोत त्यांच्या हातात मोबाइल रंगवणं.

तिसरा दावा, नाव दिलं. छापील पुरावा पाहिला तर एवढंच म्हणता येतं की नाव प्रथम समितीच्या अहवालात आलं आणि पायेन यांनी पुढच्या लेखनात ते वापरलं. यापुढे एक पाऊल टाकलं की ती कल्पना झाली.

जाता जाता एक गोष्ट. या अहवालाचा संदर्भ देणाऱ्या काही सूच्यांमध्ये मला पलूझ यांचं आडनाव 'पेलॉन्झ' असं झालेलं सापडलं. रोमन लिपीतलं 'यू' उलटं झालं की 'एन' होतं, तेवढंच. पण ही चूक जिथे जिथे दिसते तिथे तिथे एक गोष्ट नक्की कळते: लेखकाने पान उघडलेलं नाही, सूची उचललेली आहे. हल्ली एखादा लेख हातात आला की मी आधी हे आडनाव बघते. वाईट सवय आहे, पण उपयोगी आहे.

आता शब्दाकडे. लॅटिनमध्ये 'सेल्ला' म्हणजे छोटी खोली, कोठार. तिचं लघुरूप 'सेल्लुला', म्हणजे खोलकी म्हणा हवं तर. रॉबर्ट हुक यांनी १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त कॉर्कच्या पातळ कापात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटलं. आपल्याकडे हाच शब्द अगदी वेगळ्या वाटेने घराघरात पोचला. अंदमानचं सेल्युलर जेल आठवा: एकेका कैद्याला एकेक कोठडी, म्हणून सेल्युलर. कोठडी आणि पेशी, दोन्ही त्या 'सेल्ला'च्याच लेकी. काही व्युत्पत्तिकोश आणखी मागे जाऊन संस्कृत 'शाला'शीही नातं जोडतात. मराठी माणसाला हे फार आवडतं. मलाही आवडलं, आणि म्हणूनच मी ते प्रबंधात घेतलं नाही. आवडलेला पुरावा दोनदा तपासावा, आणि सेल्युलोज समजायला त्याची गरजही नव्हती.

हुक यांनी पाहिलेले कप्पे रिकामे होते. त्यांना दिसल्या त्या फक्त भिंती, आणि त्याही कॉर्कच्या, ज्यात सुबेरिनचा वाटा मोठा आणि सेल्युलोजचा थोडका. म्हणजे ज्या कप्प्यांवरून पुढे सेल्युलोजचं नाव पडलं, त्यांच्या भिंतीत सेल्युलोजच कमी! बरं, नाव 'खोली'वरून, पदार्थ मात्र खोलीच्या भिंतीचा. १८३९ मध्ये हे कुणाला खटकलं नसावं, कारण वनस्पतीची पेशी म्हटली की डोळ्यांपुढे भिंतच येई. श्लायडेन यांचं वनस्पतिपेशींवरचं काम १८३८ चं, श्वान यांचं १८३९ चं. म्हणजे 'सेल' या शब्दाचा अर्थ 'कप्पा' वरून 'जिवंत एकक' याकडे सरकत होता, त्याच दोन वर्षांत सेल्युलोजचं बारसं झालं.

इथपर्यंत सगळे कोश एका सुरात बोलतात. भांडण आहे ते शेपटाचं. हा 'ओज' कुठून आला?

इंग्रजी कोशांत दोन उत्तरं मिळतात. एक गट म्हणतो, फ्रेंच 'सेल्यूल' अधिक रसायनातला 'ओज' हा प्रत्यय, ग्लुकोजमध्ये असतो तोच. दुसरा गट म्हणतो, नव्या लॅटिनमधलं 'सेल्लुलोसुस' हे विशेषण, म्हणजे कप्प्यांनी भरलेलं, आणि त्याचंच नाम झालं. दोन्ही गट आपलं उत्तर एका ओळीत, शंका न ठेवता देतात. कोशाकडून मला एवढी तक्रार आहे: जिथे वाद आहे तिथे वाद आहे असं लिहायला एक शब्द पुरला असता.

पहिल्या गटाची बाजू आधी बघू. 'ग्लुकोज' हे नावही अकादमीच्या समितीच्याच अहवालात आलं, पेलिगो यांच्या साखरेवरच्या कामाची छाननी करताना, १८३८ मध्ये, त्याच खंड ७ मध्ये. आणि दोन्ही समित्यांत एक माणूस सामाईक आहे: द्युमा. शिवाय १८१९ मध्ये ब्राकोनो यांनी लाकूड आणि तागाच्या चिंध्या सल्फ्युरिक आम्लात घालून त्यांची साखर करून दाखवली होती. म्हणजे या तंतूंचं साखरेशी नातं आहे हे समितीला ठाऊक होतं. काही महिन्यांपूर्वी एक नाव 'ओज'वर संपवलं, आता दुसरंही संपवलं. पटण्यासारखं आहे.

पण थांबा. ग्लुकोजमधला 'ओज' मुळात प्रत्यय नव्हताच. शब्द आला ग्रीक 'ग्लेउकोस'वरून, म्हणजे द्राक्षाचा ताजा गोड रस. शेवटचा 'ओस' त्या ग्रीक शब्दाचाच. ज्याचं एकच उदाहरण आहे त्याला प्रत्यय म्हणत नाहीत. डेक्स्ट्रोज, सॅकरोज वगैरे मंडळी पुढच्या दशकांत आली, तेव्हा कुठे 'ओज म्हणजे साखर' हा नियम बनला. (पायेन यांच्या नशिबात हे दोनदा आहे. १८३३ मध्ये त्यांनी पेर्सो यांच्याबरोबर वेगळं केलेलं 'डायास्टेज' हा साधा ग्रीक शब्द होता, 'वेगळं होणं' या अर्थाचा. पुढे त्याचंच शेपूट तोडून सगळ्या एन्झाइमांना लावलं. सेल्युलोज तोडणारं एन्झाइम सेल्युलेज: एका शब्दात पायेन यांच्या आयुष्यातली दोन्ही कामं.)

दुसऱ्या गटाला बळ देणारी गोष्ट मला इटालियनमध्ये सापडली. इटालियनमध्ये साखरा सगळ्या 'ओझ्यो'वर संपतात आणि पुल्लिंगी असतात: ग्लुकोझ्यो, फ्रुत्तोझ्यो, साक्कारोझ्यो. पण सेल्युलोज? 'चेल्लुलोझा', स्त्रीलिंगी. 'चेल्लुलोझ्यो' असं रूप आहे, पण ते मागे पडलेलं. फ्रेंचमध्येही आज ग्लुकोज, फ्रुक्टोज पुल्लिंगी आणि सेल्युलोज स्त्रीलिंगी. जणू भाषेला आठवतंय की हे शेपूट साखरेचं नाही, विशेषणाचं आहे. अठराव्या शतकातल्या शरीरशास्त्राच्या लॅटिनमध्ये 'तेला सेल्लुलोसा', म्हणजे कप्पेदार ऊती, हा सरसकट वापरातला शब्दप्रयोग होता, आणि तोही स्त्रीलिंगी.

हे सापडलं त्या रात्री मी इतकी खूष झाले की मार्गदर्शक मॅडमना मेसेज टाकला. सकाळी उत्तर आलं: "लिंग आजचं आहे की १८३९ चं?" झालं. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच लिखाणात ग्लुकोज स्त्रीलिंगीही सापडतं. म्हणजे फ्रेंचचा पुरावा अर्धा गळाला. आणखी एक अडचण: फ्रेंचमधलं नेहमीचं विशेषण 'सेल्यूलो', स्त्रीलिंगी 'सेल्यूलोझ' नव्हे तर 'सेल्यूलॉझ' असा वेगळा स्वर घेऊन येतं, लिहितातही वेगळं. साधं फ्रेंच विशेषण उचललं असतं तर शब्द असा दिसला नसता. कुणीतरी मुद्दाम लॅटिन वळणाचं रूप निवडलं.

माझं मत विचाराल तर अंग लॅटिन विशेषणाचं, आणि ते रूप निवडताना कानात नुकताच छापलेला ग्लुकोज. दोन्ही गट अर्धे बरोबर. पण 'साखरेचा प्रत्यय लावून नाव दिलं' हे विधान मात्र चूकच, कारण तो प्रत्यय अजून जन्मायचा होता. आजच्या नामकरणात बहुशर्करांना खरं तर 'अन' लागतो, ग्लुकन, झायलन असा. सेल्युलोज तिथे जुनं नाव म्हणून राहून गेलंय.

आता ज्या भागाने माझे पंधरा दिवस खाल्ले तो. युरोपातल्या सगळ्या भाषांनी हा शब्द जसाच्या तसा घेतला असता तर बरं झालं असतं. स्पॅनिशमध्ये 'सेलुलोसा', स्वीडिशमध्ये 'सेलुलोसा', हंगेरियनमध्ये 'त्सेल्लुलोझ', इथे काही त्रास नाही. पण काहींनी भाषांतरही केलं, आणि मग घरात दोन शब्द झाले. दोन शब्द झाले की ते वाटण्या करून घेतात.

जर्मनमध्ये 'सेल'चं 'त्सेले' आणि पदार्थाचं 'श्टॉफ' जोडून 'त्सेलश्टॉफ' झाला. एकोणिसाव्या शतकात तो सेल्युलोजचाच प्रतिशब्द. पुढे कागद गिरण्या वाढल्या आणि 'त्सेलश्टॉफ' गिरणीत गेला: लाकूड रसायनांत शिजवून जो लगदा मिळतो तो. त्यात सेल्युलोज असतंच, पण हेमिसेल्युलोजही असतं आणि उरलंसुरलं लिग्निनही. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पदार्थाला 'त्सेलुलोझे' हा परका शब्द राहिला. त्यातही रसायनवाले रोमन 'सी' लावून लिहितात आणि सामान्य लिखाणात 'झेड' चालतो.

मी एक जुना जर्मन लेख यंत्राकडून भाषांतर करून घेतला होता. त्यात गवतवर्गीय वनस्पतीपासून मिळणाऱ्या 'सेल्युलोज'चा उतारा माझ्या उताऱ्यापेक्षा चांगलाच जास्त होता. मी अल्कलीची तीव्रता बदलली, वेळ बदलला, चिपाडाचा दुसरा लॉट आणला. काही केल्या आकडा गाठेना. शेवटी मूळ जर्मन पान समोर ठेवलं. सगळीकडे 'त्सेलश्टॉफ' होतं. त्यांनी लगदा मोजला होता, मी सेल्युलोज मोजत होते. माझ्या आकड्यात काहीच चूक नव्हती. पंधरा दिवस मी एका शब्दाशी भांडत होते आणि मला वाटत होतं माझा हात वाईट आहे.

रशियनमध्ये वाटणी नेमकी उलटी झाली. परका 'त्सेल्युलोझा' प्रयोगशाळेतही आहे आणि गिरणीतही, कागदाच्या लगद्यालाही तोच शब्द. घरचा शब्द 'क्लेत्चात्का' गेला आहारशास्त्रात, म्हणजे आपण भाजीत 'चोथा' म्हणतो तो. तो बनला 'क्लेत्का'वरून, ज्याचा अर्थ पेशी आणि पिंजरा दोन्ही. शरीरशास्त्रात कातडीखालच्या ऊतीलाही 'क्लेत्चात्का'च म्हणतात, तेव्हा रशियन लेख वाचणाऱ्याने आधी लेख कोणत्या विभागातला ते बघावं. पोलिशमध्ये जुना 'ब्वोनिक' पडदा या अर्थाच्या शब्दावरून आलेला, तोही आता मुख्यतः खाण्यातल्या तंतूंसाठी. चेकमध्ये 'बूनिचिना' पेशी या अर्थाच्या 'बुन्का'वरून, आणि ती जर्मनसारखी लगद्याकडे गेली. फिन्निश लोकांनी तर 'सेल्लुलोसा'चं शेपूटच कापून नुसतं 'सेल्लु' केलं, आणि तो कापलेला तुकडा म्हणजे लगदा.

ग्रीकने जे केलं ते मला सगळ्यात नीटस वाटतं. त्यांनी पेशीचा आपला शब्द 'कितारो' घेतला आणि 'कितारिनी' केला. प्राचीन ग्रीकमध्ये या शब्दाचा एक अर्थ पोळ्यातलं घर असाही होता, म्हणजे हुक यांच्या उपमेपाशी ते आपोआप पोचले. आणि 'ओज' टाकून 'इनी' लावल्यामुळे साखरेचा वादच मिटला. आइसलँडिकमध्ये 'बेथमी' आहे, त्यात पेशी नाहीच, झाडाच्या जुन्या शब्दावरून तो घडवलाय. पण १८४५ मध्ये श्मिट यांना समुद्रातल्या कवचधारी प्राण्यांत, ट्युनिकेटांमध्ये, सेल्युलोज सापडलं होतं. त्या प्राण्यांविषयी आइसलँडिकमध्ये लिहायचं तर झाडाचा शब्द थोडा अवघडतच असणार.

भाषा एकच असली तरी सुटका नाही. इंग्रजीत क्रॉस आणि बेव्हन यांनी क्लोरीनने लिग्निन काढून जे उरलं त्याला सेल्युलोज म्हटलं, आणि त्यात हेमिसेल्युलोज बरंच राहायचं. नंतर १७.५ टक्के कॉस्टिक सोड्यात न विरघळणारं ते 'अल्फा सेल्युलोज' ठरलं. तेव्हा जुन्या तक्त्यात 'सेल्युलोज' दिसलं की आधी पद्धत वाचा, मग आकडा. आणि 'हेमिसेल्युलोज' या नावाने तर १८९१ पासून विद्यार्थ्यांना फसवलंय. शुल्झे यांनी 'अर्धं' या अर्थाचा 'हेमि' लावला तो हे पदार्थ सेल्युलोजच्या वाटेवरचे आहेत या समजुतीने. ते तसे नाहीत. झायलन हे अर्धवट राहिलेलं सेल्युलोज नव्हे, वेगळ्याच साखरेची वेगळी साखळी आहे. माझ्या एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मी ते 'अर्धं सेल्युलोज' असं ठणकावून सांगितलं होतं, आणि मला गुणही मिळाले होते.

मराठीत आपण 'सेल्युलोज' जसंच्या तसं घेतलं, पण पेशीला मात्र 'पेशी' म्हणतो. त्यामुळे शाळेत 'पेशीभित्तिका सेल्युलोजची बनलेली असते' हे पाठ करताना दोन शब्दांतलं नातं दिसत नाही. हिंदीवाल्यांची 'कोशिका' निदान खोलीच्या, कोशाच्या जवळ जाते. तिकडे 'पेशी' म्हणजे स्नायू, हा आणखी एक घोळ. 'पेशीज' वगैरे शब्द घडवा असं मी म्हणत नाही. जर्मन आणि रशियनचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

प्रबंधातलं ते पहिलं वाक्य आता असं आहे: 'आन्सेल्म पायेन यांनी डिसेंबर १८३८ मध्ये वनस्पतींच्या ऊतींतून स्टार्चशी समान घटनेचा तंतुमय पदार्थ वेगळा केल्याचं मांडलं; "सेल्युलोज" हे नाव जानेवारी १८३९ च्या अकादमी समितीच्या अहवालात छापलेलं आढळतं.' त्याखाली दुसरं वाक्य: 'या प्रबंधात सेल्युलोज म्हणजे १७.५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये न विरघळणारा भाग.' मॅडमनी पहिल्यावर काही लिहिलं नाही. दुसऱ्याच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं, "तापमान?"